भानावर येण्याचे शिक्षण



आपल्या मंडळींत मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांची चौकशी भेटताक्षणी होते. कोणाचे ऑपरेशन झाले तर चार घरची माणसे डबा घेऊन इस्पितळात जातात. परंतु एखाद्या घरातील मुलगी दुःखाच्या भरात स्वतःला इजा करून घेते, किंवा एखादा मुलगा सकाळी ज्याच्या गळ्यात पडतो त्याचे तोंडही संध्याकाळी पाहू इच्छीत नाही, असे असले की ते घर दार लावून घेते. विचारणारा विचारीत नाही, सांगणारा सांगत नाही. यात सर्वांत मोठे नुकसान होते ते त्या आजारी मुलाचे किंवा मुलीचे. म्हणून या धड्यात आम्ही अशा एका आजाराची, आणि त्यावर ब्रिटनमध्ये दिल्या जाणाऱ्या एका शिक्षणाची माहिती देत आहोत. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. परंतु ती वाचून एखाद्या घराला डॉक्टरांकडे जाण्याचे धैर्य आले, तर या पानाचे काम झाले असे आम्ही समजू.

आजार कोणता?

इंग्रजीत त्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. बॉर्डरलाइन म्हणजे सीमेवरचा. १९३८ साली अमेरिकेतील डॉक्टर ॲडॉल्फ स्टर्न यांनी हा शब्द रुग्णांच्या एका गटासाठी वापरला. हे रुग्ण साध्या चिंतारोगात बसत नव्हते आणि भ्रम होणाऱ्या मोठ्या मनोविकारांतही बसत नव्हते, म्हणून ते सीमेवरचे. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या रोगसूचीत हे नाव अधिकृतपणे दाखल झाले. ब्रिटनमधील कागदपत्रांत पुष्कळदा "भावनिक अस्थिरतेचा व्यक्तिमत्त्वविकार" अशा अर्थाचे दुसरे नावही आढळते. नावाविषयी वाद आहे. व्यक्तिमत्त्वालाच विकार म्हटले की माणूसच वाईट ठरतो, असे अनेक रुग्ण म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे.

नाव काहीही असो, त्रास खरा आहे. भावना एकदम उसळतात आणि लवकर खाली बसत नाहीत. आपल्याला सोडून जातील ही भीती सतत मन कुरतडते. नाती फार जवळची होतात आणि मग एकाएकी तुटतात. आतून रिकामे वाटते, आपण कोण हेच उमगत नाही. अविचाराने पैसा उधळणे, दारू पिणे, स्वतःला इजा करणे, जीव देण्याचे विचार येणे, असेही घडते. प्रत्येकात सर्व लक्षणे असतातच असे नाही. ब्रिटनमध्ये शंभरांत सुमारे एका व्यक्तीला हा आजार असावा असा अंदाज आहे. तेव्हा हा दुसऱ्यांच्या घरचा आजार आहे असे कोणी समजू नये.

तो का होतो? एकच कारण सांगता येत नाही. काहींचा जन्मजात स्वभावच अति हळवा असतो. किराणा दुकानाच्या तराजूला गुंजभर वजन कळत नाही, पण सोनाराचा काटा तेवढ्याने झुकतो. तसा हा फरक असतो. काट्यात दोष नाही, तो नाजूक आहे इतकेच. अशा नाजूक मनाला लहानपणी मारझोड, अत्याचार किंवा दुर्लक्ष सोसावे लागले, किंवा "तुला काही झालेले नाही, उगाच रडू नकोस" असेच पुन्हा पुन्हा ऐकावे लागले, तर आपल्या भावनेला नाव कसे द्यावे आणि तिला कसे आवरावे हे शिकावयाचे राहून जाते. जे शिकावयाचे राहिले ते पुढे शिकवता येते, हीच या उपचारामागची मूळ कल्पना आहे.

हे शिक्षण कोठून आले?

या उपचाराचे नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, थोडक्यात डीबीटी. अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी तो तयार केला. १९९१ साली त्यांनी त्याच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले व १९९३ साली त्यावर पुस्तके लिहिली. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. दोन उलट वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: "तू आज जशी आहेस तशी आम्हाला मान्य आहेस" ही एक, आणि "तुला बदलावे लागेल" ही दुसरी. नुसते बदल, बदल म्हटले तर रुग्णाला वाटते की आपले दुःख कोणाला कळलेच नाही. नुसते असू दे, असू दे म्हटले तर दुःख आहे तेथेच राहते. म्हणून दोन्ही हात एकदम धरावयाचे.

लिनेहनबाईंना हे पुस्तकातून सुचले नव्हते. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना स्वतःलाच कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले होते. तेथे त्या दोन वर्षांहून अधिक काळ होत्या आणि स्वतःला इजा करून घेत. ही गोष्ट त्यांनी अनेक वर्षे मनात ठेवली. २०११ साली त्याच रुग्णालयात जाऊन, लोकांसमोर उभे राहून त्यांनी ती सांगितली. ज्या जागी आपल्याबद्दल कोणाला आशा नव्हती त्याच जागी त्या शिक्षिका म्हणून परत गेल्या, ही गोष्ट आमच्या तरुण वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी.

या उपचाराचा पाया इंग्रजीत माइंडफुलनेस म्हणून ओळखला जातो. मराठीत त्यासाठी आपल्याजवळ सुंदर शब्द आहे: भान. आपण म्हणतो, रागाच्या भरात त्याचे भान सुटले. मग म्हणतो, तो भानावर आला. नेमके तेच येथे शिकवतात. हा इंग्रजी शब्द या अर्थाने रूढ होण्यात एका इंग्रज गृहस्थाचा हात आहे. सिलोनमध्ये सरकारी नोकरी करून आलेले टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषांतरात पाली भाषेतील स्मृती या अर्थाच्या बौद्ध शब्दासाठी तो योजला. लिनेहनबाईंनी झेन पद्धतीचे ध्यान शिकण्यासाठी कॅलिफोर्नियातील शास्ता ॲबी या मठात काही काळ घालवला. हा मठ स्थापणाऱ्या जियू केनेट याही इंग्लंडातच जन्मलेल्या बाई होत्या. पुढे लिनेहनबाई जर्मनीत विलिगिस येगर या कॅथलिक साधूंकडेही शिकल्या. ते झेनचेही आचार्य होते.

येथे काही वाचक विचारतील, हे परक्या धर्माचे ध्यान तर नव्हे? प्रश्न योग्य आहे. लिनेहनबाई स्वतः कॅथलिक होत्या. त्यांनी ध्यानातील मंत्र, मूर्ती, पूजा व श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला आणि लक्ष देण्याची सवय तेवढी घेतली. वर्गात कोणालाही आपला धर्म सोडावा लागत नाही की दुसऱ्याचा धरावा लागत नाही. तरीही कोणाच्या मनात शंका असेल तर त्यांनी ती शिक्षकांना पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारावी.

वर्गात काय शिकवतात?

साधारणपणे आठवड्यातून एकदा गटाचा वर्ग असतो व एकदा शिक्षकाशी एकट्याने भेट असते. गटात बसून आपल्या आयुष्यातील जखमा उघड्या कराव्या लागत नाहीत. तो शाळेच्या वर्गासारखा असतो, घरचा अभ्यासही देतात. मधल्या दिवसांत अडचण आली तर ठरलेल्या वेळांत फोनवर सल्ला मिळू शकतो. रुग्ण रोजच्या भावनांची व कृतींची नोंद एका कार्डावर ठेवतो. पूर्ण शिक्षण बहुधा एक वर्ष चालते. विषय चार: भान ठेवणे, संकटाची घटका सोसून नेणे, भावना आवरणे आणि माणसांशी नीट वागणे. भानाचा विषय पहिला असून तो प्रत्येक नव्या विषयाआधी पुन्हा शिकवतात, कारण बाकीचे तिन्ही त्यावर उभे आहेत. भावना आली हेच कळले नाही, तर ती आवरणार कशी?

प्रथम मनाच्या तीन अवस्था सांगतात. एक भावनेचे मन: त्यात भावना मालक होते आणि आपण नोकर. दुसरे हिशेबी मन: त्यात आकडे आणि नियम असतात, माया नसते. तिसरे सुज्ञ मन: ते दोघांचेही ऐकते व मग ठरवते. सुज्ञ मन प्रत्येकाजवळ असते. गलबल्यात त्याचा आवाज ऐकू येत नाही इतकेच.

तेथे पोहोचण्यासाठी तीन गोष्टी करावयाच्या. पहिली, पाहणे: मनात किंवा अंगात जे चालले आहे ते नुसते पाहावयाचे, त्याला ढकलावयाचे नाही की धरून ठेवावयाचे नाही. दुसरी, शब्दांत सांगणे: "छातीत धडधडते आहे", "आपण नको आहोत असा विचार आला." येथे बारीक फरक आहे. "मी नको आहे" हे सत्य म्हणून बोलणे वेगळे आणि "असा विचार आला" म्हणणे वेगळे. तिसरी, हातातील कामात पूर्णपणे शिरणे. आणि हे सर्व तीन रीतींनी करावयाचे: बरे-वाईट असा शिक्का न मारता, एका वेळी एकच गोष्ट, आणि जे खरोखर उपयोगी पडेल तेच.

आपल्या घरातले उदाहरण घेऊ. चिकाचा हलवा करणाऱ्या बाईला हे शिक्षण अर्धे आधीच मिळालेले असते. नारळाचे दूध आणि चीक चुलीवर चढवले की हात थांबवता येत नाही. मन कोठे गेले की बुडाला लागलाच. मन गेले हे कळले की ती स्वतःला शिव्या देत बसत नाही. हात पुन्हा ढवळू लागतो. मन गेले, कळले, परत आणले: भानाचा सारा अभ्यास एवढाच आहे. मन मुळीच जाऊ नये असे कोणी सांगत नाही. परत आणण्याची सवय वाढवावयाची.

आता हे आजारात कसे उपयोगी पडते ते पाहू. समजा, एका मुलीने मैत्रिणीला निरोप पाठवला व दोन तास उत्तर आले नाही. मनात येते, "तिने मला सोडले." पोटात गोळा येतो. मग राग, मग शरम, मग स्वतःला इजा करण्याची ओढ. हे सारे काही मिनिटांत घडते आणि तिला ती एकच उडी वाटते. शिक्षणानंतर ती त्या उडीतील पायऱ्या पाहू लागते. "निरोपाला उत्तर नाही, ही घडलेली गोष्ट. तिने मला सोडले, हा माझा विचार. पोटात गोळा, ही भीती. इजा करावीशी वाटते, ही ओढ." ओढ लाटेसारखी चढते आणि न मानली तरी उतरते, हे तिला एकदा स्वतःच्या अनुभवाने कळले की ओढ आणि कृती यांच्यात थोडी फट पडते. त्या फटीत ती आईला हाक मारू शकते, शिक्षकाला फोन करू शकते, थंड पाण्याने तोंड धुऊ शकते. एवढीशी फट, पण जीव वाचतो तो तेथे.

पुरावा किती, मर्यादा कोणत्या?

स्तुती ऐकून उपचार घेऊ नये, पुरावा पाहून घ्यावा. लिनेहनबाईंनी २०१५ साली ९९ स्त्रियांवरील आणखी एका चाचणीचे निष्कर्ष दिले. ज्या उपचारात वर्गातील कौशल्यांचे शिक्षण होते त्यात स्वतःला इजा करण्याचे प्रकार, कौशल्ये वगळलेल्या उपचारापेक्षा अधिक कमी झाले. म्हणजे शिक्षण हा उपचाराचा मुख्य भाग ठरला. पूर्व लंडनमध्ये सरकारी दवाखान्यांतील ८० रुग्णांवर झालेली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीतही इजा करण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक घटले. मात्र डीबीटी मिळालेल्यांपैकी सुमारे निम्मे रुग्ण ते पुरे करू शकले नाहीत. हे कठीण शिक्षण आहे. मध्येच सुटले तर त्यात लाज नाही. पुन्हा नाव घालता येते.

या आजारासाठी म्हणून कोणतेही खास औषध नाही. इंग्लंडमध्ये कोणत्या आजारावर कोणता उपचार करावा याचे मार्गदर्शन नाइस ही संस्था करते. तिने २००९ साली सांगितले की केवळ या आजारासाठी औषधे वापरू नयेत, आणि वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांसाठी डीबीटीचा विचार करावा. ब्रिटनमध्येच २७६ रुग्णांना लॅमोट्रिजीन हे औषध वर्षभर देऊन पाहिले, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही. हा निष्कर्ष २०१८ सालचा. परंतु सोबत खिन्नता किंवा अन्य आजार असेल तर त्याचे औषध लागू शकते. चालू औषध आपल्या मनाने कोणीही बंद करू नये.

दुसरी सावधगिरी. हल्ली माइंडफुलनेसचा बोलबाला फार आहे. मार्क विल्यम्स व जॉन टीस्डेल या ब्रिटिश तज्ज्ञांनी कॅनडातील झिंडेल सीगल यांच्याबरोबर बसवलेला आठ आठवड्यांचा वर्ग वारंवार येणाऱ्या खिन्नतेसाठी आहे. तो चांगला आहे, पण या आजारासाठी तो बनवलेला नाही. शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत, २०२२ साली, असे दिसले की सरसकट सर्व मुलांना हे धडे दिल्याने नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक फायदा झाला नाही. प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लागत नाही.

मुंबईची नातेवाईक मंडळी प्रेमाने सांगतात, "तिला दहा दिवस इगतपुरीला पाठवा." तेथील विपश्यना केंद्राचा पुष्कळांना लाभ झाला आहे, आणि त्याच परंपरेचे केंद्र येथे हेरफर्डशायरमध्येही आहे. परंतु गंभीर मनोविकार असलेल्यांसाठी हे शिबिर उपचार नव्हे, असे ती संस्था स्वतःच सांगते. ज्यांनी लहानपणी अत्याचार सोसले त्यांना डोळे मिटून तासन्‌तास गप्प बसले की त्याच आठवणी अंगावर येऊ शकतात. डीबीटीमधील अभ्यास म्हणूनच थोड्या मिनिटांचे असतात, डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून, किंवा चालता-चालता व भांडी घासता-घासताही करता येतात.

आणि आशेची गोष्ट. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी २९० रुग्णांची वर्षानुवर्षे पाहणी केली. दहा वर्षांत १०० पैकी ९३ जणांची लक्षणे निदान दोन वर्षे ओसरलेली होती. नोकरी व नाती यांसह आयुष्याची घडी नीट बसणे अधिक कठीण होते. तेथपर्यंत सुमारे निम्मेच पोहोचले. परंतु "हा जन्मभराचा भोग आहे" हे म्हणणे खोटे आहे, एवढे यावरून ठरते.

ब्रिटनमध्ये मदत कशी मागावी?

प्रथम आपल्या जीपीकडे जावे आणि गोष्ट झाकून न ठेवता सांगावी. तेथून मानसिक आरोग्याच्या स्थानिक पथकाकडे पाठवतात. डीबीटीचा वर्ग सर्व ठिकाणी सारखा मिळत नाही आणि वाट पाहावी लागते, म्हणून आपल्या भागात काय उपलब्ध आहे ते स्पष्ट विचारावे. लंडनमध्ये पीटर फोनॅगी व अँथनी बेटमन यांनी तयार केलेला एमबीटी नावाचा दुसरा उपचारही कामाचा ठरला आहे, त्याविषयीही विचारावे. पूर्वी असे रुग्ण आपले काम नव्हे म्हणून अनेक ठिकाणी परत पाठवीत. २००३ साली इंग्लंडच्या सरकारी धोरणानेच सांगितले की या निदानामुळे कोणाला दारातून परत लावू नये. हे आठवणीत ठेवून नम्रपणे पण ठामपणे बोलावे. वडीलधाऱ्यांना इंग्रजीत मनातले सांगणे जड जात असेल तर दुभाष्या मागावा. तो विनामूल्य मिळतो. मुलांना दुभाषे करू नये, कारण आईचे दुःख मुलाच्या तोंडून डॉक्टरांना जाणे दोघांनाही जड जाते. सांभाळ करणाऱ्या घरच्या माणसालाही, २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे, आपल्या गरजांची पाहणी कौन्सिलकडून करून घेण्याचा हक्क इंग्लंडमध्ये आहे.

जीव धोक्यात असेल तर ९९९ लावावा. तातडीच्या मानसिक त्रासासाठी इंग्लंडमध्ये १११ लावून २ हा पर्याय निवडावा. कोणाशी तरी नुसते बोलावयाचे असेल तर समॅरिटन्स ही संस्था ११६ १२३ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य ऐकून घेते.

घरच्यांनी काय करावे?

सर्वप्रथम "नाटक करते" हे दोन शब्द घरातून काढून टाकावेत. भावना खरी मानणे म्हणजे वागणे बरोबर मानणे नव्हे. मुलगी ओरडली, "आई, तू मला कधी समजूनच घेत नाहीस!" तर "सर्व काही तुझ्यासाठीच केले" हा हिशेब त्या वेळी मांडू नये. "बाळ, तुला फार एकटे वाटते आहे असे दिसते. मी येथे बसते," एवढे पुरे. मग आवाज उतरल्यावर सांगावे, "ताटे फेकणे चालणार नाही." दोन्ही गोष्टी, एकामागून एक, त्याच क्रमाने. इजेचा किंवा जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलावयाची वाट मोकळी होते. आणि घरच्यांनी स्वतःही दोन मिनिटे थांबून आपला श्वास पाहण्याची सवय करावी. घरात निदान एक माणूस भानावर असला तर दुसऱ्याला परत येण्यास जागा असते.

मननासाठी प्रश्न

१. घडलेली गोष्ट आणि आपण तिचा लावलेला अर्थ, हे आजच्या एखाद्या प्रसंगात वेगळे करून लिहिता येतील काय?

२. भावना मान्य करणे व वागणे मान्य करणे यांतील फरक आपण मुलांना कोणत्या शब्दांत सांगाल?

३. आपल्या ओळखीतील कोणत्या घराने दार लावून घेतले आहे? डबा घेऊन तेथे जाण्यास आपल्याला काय आडवे येते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला लिहून पाठवू नये. ते त्या घरी जाऊनच द्यावे.